आधी कुणी मारायचं

आमच्या घरात आधी कुणी सुरू करत नाही. जेवण असो, भांडण असो, की साधं दारातून आत जाणं असो. एकदा तामिळनाडूतल्या, कुंभकोणमजवळच्या आमच्या आडुतुरैच्या बसस्टँडवर माझे यजमान कृष्णमूर्ति आणि त्यांचे काका हनुमंतराव या दोघांत बसमध्ये आधी कुणी चढायचं यावरून इतका विनय झाला की बस निघून गेली. दोघांनाही वाईट वाटलं नाही. पुढची बस चाळीस मिनिटांनी आली. तिच्यात ते चढले, कारण कंडक्टरने दोघांना एकदम आत ढकललं.

कृष्णमूर्ति तिथल्याच भात संशोधन केंद्रात काम करतात. भाताला घाई केलेली चालत नाही, त्यामुळे केंद्राचं आणि त्यांचं छान जमतं. स्कूटरवर दारासुरम्‌ला निघाले आणि पुढे टाउन बस आली, तर ते तिला ओलांडत नाहीत. बस थांब्यावर थांबली की हेही थांबतात. एकदा मागे बसायला एक म्हातारी आली होती.

तर अशा घरातली आमची एकुलती एक मुलगी जननी बॉक्सिंग करते. ऐकणाऱ्याला वाटतं, घरात काहीतरी वेगळं रक्त आलं. वेगळं काही नाही. चौदाव्या वर्षी ती कराटेत नाव घालायला गेली होती. तिथे मोठी रांग होती, आणि रांगेत मुलं पुढे घुसत होती. शेजारच्या टेबलापुढे कुणीच नव्हतं, म्हणून ती तिकडे उभी राहिली. ते टेबल बॉक्सिंगचं निघालं.

टेबलामागे बाला मास्टर होते. सैन्यातून निवृत्त झालेले, काडीसारखे, खिशात शिट्टी. पहिले सहा महिने त्यांनी तिला मारायला शिकवलं. ती शिकली नाही. मग त्यांनी मार चुकवायला शिकवलं. ते तिने पंधरा दिवसांत उचललं. समोरची चालून आली की जननी अर्धं पाऊल मागे जाते. ठोसा नाकासमोरून निघून जातो, समोरचीचा तोल पुढे येतो, आणि मग जननी तिला एकच ठोसा देते, तोही असा की जणू तिची पडलेली वस्तू उचलून परत केली. अकरा लढतींपैकी नऊ ती अशा जिंकली होती. अकरांपैकी एकीतही पहिला ठोसा तिचा नव्हता.

यात थोडा हात माझाही होता. मी घरी ब्लाउज शिवते. कुणी शिकवलं नाही, जुने ब्लाउज उसवून बघत शिकले. तीस वर्षं लोकांचे खांदे बघितल्यावर माणूस बोलायच्या आधी खांदा बोलतो हे कळायला लागतं. एकदा सरावाला डबा घेऊन गेले होते, तेव्हा बघता बघता मी जननीला म्हटलं, "ती पोरगी मारायच्या आधीं उजवा खांदा वर करती, बघ." बाला मास्टरांना आमची मराठी येत नाही. त्यांनी विचारलं, काय म्हणालात? मी तमिळमध्ये सांगितलं. त्यांनी दोन मिनिटं त्या मुलीचा खांदा बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि मला बसायला खुर्ची आणवली.

तेव्हापासून प्रत्येक लढतीला मी पहिल्या रांगेत असते. राउंड चालू असताना मास्टरांना कोपऱ्यातून ओरडायची बंदी असते. प्रेक्षकांना नसते. मी आमच्या मराठीत सांगत राहते आणि जननी ऐकते. पूर्वजांनी तीनशे वर्षांपूर्वी इकडे येताना आणलेली आमची मराठी तामिळनाडूत म्हणजे कुलूप लावलेली पेटी आहे. डॉक्टरांसमोर बसून "हा कांहीं कामाचा दिसत नाहीं" असं मी मुलीला सांगते आणि वर त्यांना हात जोडते. महाराष्ट्रातून एकदा पाहुणे आले होते, त्यांनासुद्धा निम्मं कळलं नाही. उरलेलं निम्मं ऐकून त्यांना त्यांच्या पणजीची आठवण झाली. मग इथल्या रेफ्रीला काय कळणार? रेफ्रींना वाटतं मी देवाचं नाव घेते आहे. तिरुवारूरच्या एका रेफ्रीने लढत संपल्यावर मला वाकून नमस्कार केला होता. मी आशीर्वाद दिला. काय करणार?

या वर्षीची लढत मात्र वेगळी होती. जननी अठरा वर्षांची झाली आणि तिच्या गटातलं हे तिचं शेवटचं वर्ष. तिला शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमाला जायचं आहे, आणि पुढे बाला मास्टरांसारखं मुलींना शिकवायचं आहे. हे तिने आम्हांला एकदाच सांगितलं, तेही आम्ही विचारल्यावर. तिथे खेळाडूंच्या जागेसाठी राज्यस्पर्धेला निवड झाल्याचं पत्र लागतं. झोनची अंतिम लढत जिंकणाऱ्या मुलीला ते पत्र तिथल्या तिथे मिळतं. हरणारीला टॉवेल मिळतो.

कॉलेजचा अर्ज कृष्णमूर्तींनी आणून भरून ठेवला होता. नाव, पत्ता, वडिलांचं नाव, सगळं शाईने. फक्त 'अभ्यासक्रम' या ओळीत त्यांनी पेन्सिलीने बी.कॉम. लिहिलं होतं.

"पेन्सिलीनें कां?" मी विचारलं.

"पत्र मिळालें तर खोडूं. नाहीं मिळालें तर वरून शाई फिरवूं."

ते वाईट मनाने म्हणाले नाहीत. त्यांना दोन्ही चाललं असतं. जननीला एकच चालणार होतं. अर्ज फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होता. पाणी प्यायला गेली की ती तो वाचायची आणि पाणी न पिता परत यायची. मंगळवारी शेवटची तारीख होती. लढत रविवारी सकाळी.

लढत मंडपात होती. मंडप म्हणजे लग्नाचा मंडप. खेळाच्या हॉलचं छप्पर उतरवलेलं होतं आणि त्या रविवारी मुहूर्त नव्हता, म्हणून संयोजकांना लग्नाचं कार्यालय मिळालं. मधोमध रिंग उभारली होती. मागच्या स्टेजवर आदल्या आठवड्यातल्या नवरा-नवरीची नावं थर्मोकोलच्या अक्षरांत अजून होती, आणि जज मंडळी त्यांच्याखाली बसली होती.

हाच मंडप आम्हांला चांगला ठाऊक होता. तीन वर्षांपूर्वी माझी पुतणी शरण्या हिचं लग्न इथेच झालं. त्या दिवशी वाढपी कमी पडले, म्हणून घरच्या पोरींनी पंगतीत वाढलं. जननीला घरात मोठ्याने बोलताना कुणी ऐकलेलं नाही. पण हातात जांगिरीचं, म्हणजे उडदाच्या जाड जिलबीचं, ताट आलं आणि ती वेगळीच झाली. आमच्यात वाढणाऱ्याला कुणी मर्यादा घातलेली नाही. जेवणाऱ्याने 'नको नको' म्हणायचं, पानावर दोन्ही हात आडवे धरायचे, आणि वाढणाऱ्याने तरीही वाढायचं, हा दोघांचाही धर्म. हनुमंतराव काकांनी पानावर हात धरले होते, वर छातीही टेकली होती. जननीने डाव्या बाजूला जांगिरी दाखवली. काकांचे हात डावीकडे गेले. उजवीकडे पान उघडं पडलं, तिथे जांगिरी पडली, आणि काका वर बघेपर्यंत ती पुढच्या पानावर पोचली होती. काकांनी त्या दिवशी चार जांगिऱ्या खाल्ल्या आणि एकही मागितली नव्हती. अजून सांगतात.

पण हे मला त्या सकाळी आठवलं नाही. त्या सकाळी मी खांदे बघायला आले होते.

फलकावर नावं होती: लाल कोपरा, के. जननी, कुंभकोणम. निळा कोपरा, एस. लावण्या, मायिलाडुतुरै. आमच्या या भागात आडनाव कुणी लावत नाही, वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर लावायचं. त्या एका अक्षरावरून माणूस कुठलं, घरात काय बोलतं, काही कळत नाही. मला कळून घ्यायचंही नव्हतं. मी लावण्याचे खांदे बघितले. उतरते, डावा किंचित खाली. ब्लाउजला त्या बाजूने पाव इंच जास्त धरावं लागेल.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर माझ्याच वयाच्या एक बाई बसल्या होत्या. हिरवी साडी, मांडीवर स्टीलचा डबा. आम्ही तमिळमध्ये उकाड्याबद्दल बोललो. त्यांनी डबा उघडून चकलीसारखा मुरुक्कू पुढे केला. मी नको म्हटलं. त्यांनी परत पुढे केला. मी म्हटलं, आत्ताच खाऊन आले. त्यांनी तिसऱ्यांदा पुढे केला, तेव्हा मी घेतला.

तिसऱ्यांदा पुढे केला तेव्हाच मला कळायला हवं होतं.

घंटा झाली. जननी हात वर धरून मध्यापर्यंत गेली आणि नेहमीप्रमाणे थांबली. लावण्यापण मध्यापर्यंत आली आणि थांबली. दोघी एकमेकींकडे बघत गोल फिरायला लागल्या.

"येऊं दे तिला," मी म्हटलं. "घाई नको. येईल ती."

ती आली नाही.

"डावा खांदा बघ. डावा खालीं गेला कीं मारती ती."

लावण्याचा डावा खांदा तत्काळ वर गेला आणि वरच राहिला. मला वाटलं, योगायोग.

"एक पाऊल मागें ये. जागा दे. मग येईल."

जननी एक पाऊल मागे आली. लावण्यापण एक पाऊल मागे गेली. आता दोघींच्या मध्ये एक सायकल निघून गेली असती. मागच्या रांगेतून कुणीतरी तमिळमध्ये ओरडलं, "मुहूर्त टळतोय हो, हार घाला!" मंडप हसला. रेफ्रीने दोघींना थांबवलं, लढा म्हणून ताकीद दिली. दोघींनी मान डोलावली, दोघी परत गोल फिरू लागल्या.

शेवटच्या अर्ध्या मिनिटात मी ओरडले, "आतां तिचा उजवा हात येईल, डावीकडें वांक!" जननी डावीकडे वाकली. लावण्याचा उजवा आलाच नाही. डावीकडेच तिचा डावा हात वाट बघत होता. लागोपाठ दोनदा लागला. घंटा झाली.

जननीने कोपऱ्याकडे जाता जाता माझ्याकडे बघितलं. चार वर्षांत मी चुकले नव्हते. मी पदर सारखा केला.

तेव्हा शेजारच्या बाईंनी डबा बंद केला, माझ्याकडे वळून खाली बघत त्या म्हणाल्या, "अहो, मला सांगावें कीं नको, कळेना. पण न सांगतां बसणें बरें दिसत नाहीं. तुम्ही जें सांगतां तें माझी लेक सगळें ऐकती."

मराठीत. आमच्याच मराठीत; हेल जरा निराळा, पण मराठीत.

माझ्या तोंडात मुरुक्कू होता. तो तसाच राहिला.

"मी मीनाक्षीबाई," त्या म्हणाल्या. "आम्ही विठ्ठलाचे. मायिलाडुतुरैंत आमचें भांड्यांचें दुकान आहे. तुमचें ऐकलें आणि पहिल्यानें मला इतका आनंद झाला, कीं सांगायचें राहूनच गेलें."

"मी वसंता," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? "किती वेळ ऐकतां आहां?"

"वजन करायच्या रांगेपासून. तुम्ही लेकीला सांगितलें, ही पोरगी काडीसारखी आहे, हिला सहज घेशील."

"तें... मायेनें म्हटलें होतें."

"हो हो. काडीसारखीच आहे ती. घरीं आम्हीही म्हणतों."

कोपऱ्यात बाला मास्टर जननीसमोर वाकून तमिळमध्ये बोलत होते. ती मुलगी येणार नाही, तिला यायची गरजच नाही, ती पुढे आहे. तूच जा. आधी तू मार. जननी ऐकत होती. तिचा चेहरा मला ओळखीचा होता. बसच्या दारात हनुमंतराव काकांचा असायचा तसा.

दुसरा राउंड. मी गप्प बसले. मराठीत बोलावं तर लावण्या ऐकणार, तमिळमध्ये बोलावं तर सगळा मंडप ऐकणार. जननीने दोनदा माझ्याकडे बघितलं. मी छताच्या पंख्याकडे बघितलं.

मग ती स्वतःच गेली. जन्मात पहिल्यांदा ती आधी गेली, आणि ते बघवत नव्हतं. दुसऱ्याच्या घरी न सांगता गेल्यासारखी गेली. उंबऱ्याशी थांबली, जाऊ की नको बघितलं, मग आत शिरून एक ठोसा मारला. तो लागला. लागल्यावर ती तिथेच उभी राहिली, लागलं का, चाललं ना, हे विचारायला थांबल्यासारखी. लावण्याने तिला तिथेच दोन दिले. असं तीनदा झालं. मारायची, थांबायची, मार खायची. तिसऱ्यांदा तर तिचे ओठ हलले. नंतर मी विचारलं तर म्हणाली, सॉरी म्हटलं असेल.

"चांगली मुलगी आहे," मीनाक्षीबाई हळूच म्हणाल्या. "लग्नाचें बघतां कां?"

"आतांच नाहीं. शिकायचें आहे तिला."

"काय?"

मी सांगितलं. पत्राचं सांगितलं, पेन्सिलीचं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. समोर मुलगी मार खात होती आणि इकडे कितीतरी वर्षांनी घराबाहेरचं कुणी माझ्याशी माझ्या भाषेत बोलत होतं. मीनाक्षीबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"लावण्या सतराची आहे," एवढंच त्या म्हणाल्या. मग पुढे बघत म्हणाल्या, "पण ती हातचें सोडणार नाहीं हो. माझें ऐकत नाहीं ती."

"सोडूं नयेच," मी म्हटलं. ते मी खरं म्हटलं.

घंटा झाल्यावर फलकावर गुण आले. थांबून थांबून का होईना, त्या राउंडमध्ये चालून जाणारी जननीच होती, आणि तिचे ठोसे स्वच्छ लागले होते. पाचपैकी तीन जजांनी दोघींना बरोबरीत धरलं होतं. दोघांनी लावण्याला पुढे. म्हणजे शेवटच्या राउंडमध्ये त्या तिघांना जननी सरस वाटली तर पत्र, नाहीतर टॉवेल.

लावण्याच्या मास्टरांनी तिला काय सांगितलं ते इथूनही दिसत होतं. हात वर धर, अंग आत घे, ही आली की थांबेल, थांबली की मार. लावण्याने स्टुलावर बसल्या बसल्याच हात करून बघितले. दोन्ही कोपरं जवळ, दोन्ही ग्लोव्ह्ज तोंडापुढे, वर छाती झुकवलेली.

आणि मी ते हात बघितले. मी ते कुठे बघितले होते? याच मंडपात बघितले होते, जिथे आता रिंग आहे तिथेच, तिसऱ्या रांगेत. हनुमंतराव काकांचे. पान झाकलेलं.

मी मीनाक्षीबाईंकडे वळले. "मी एक सांगूं कां लेकीला? तुमची ऐकेल, तरी सांगतें. न विचारतां सांगणें बरें नाहीं."

मीनाक्षीबाईंनी विचार केला. खरोखर केला, डब्याचं झाकण दोनदा उघडलं आणि लावलं. "सांगा कीं," त्या म्हणाल्या. "मीही माझ्या लेकीला सांगेन."

"सांगा."

घंटा झाली. मी उभी राहिले. आजवर मी बसूनच सांगत आले होते.

"जननी! वाढायला जा!"

जननीने मान वळवली नाही, पण ऐकलं हे तिच्या मानेवरून कळलं.

"हात धरले आहेत तिनें पानावर! शरण्याच्या लग्नांत आहेस तूं! वाढ आणि पुढच्या पानावर जा! उभी राहूं नको!"

लावण्यानेही ऐकलं. पहिल्यांदाच तिची नजर क्षणभर आमच्याकडे वळली. तिलाही सगळं कळलं होतं, आणि कळून तिला काही करता येईना, कारण तीही आमच्यासारख्याच घरातली. पंगतीत बसलं की हात आडवे धरायचे हे तिला पाळण्यापासून शिकवलेलं.

जननी गेली. उंबऱ्याशी थांबली नाही. डावा हात लावण्याच्या डोक्याच्या एका बाजूला दाखवला, नुसता दाखवला. लावण्याचे दोन्ही हात तिकडे गेले. दुसरी बाजू उघडी पडली, तिथे उजवा बसला, आणि लावण्याने परत मारेपर्यंत जननी तिथे नव्हती. ती दोन पावलं पलीकडे होती, पुढच्या पानावर.

बाला मास्टर कोपऱ्यात उभे राहिले आणि बंदी आठवून परत बसले.

"आणखी वाढ!" मी ओरडले.

"नको म्हण!" शेजारी मीनाक्षीबाई उभ्या राहून ओरडल्या. "लावण्या, हात हलवूं नको! दाखवती नुसती!"

सल्ला अगदी बरोबर होता. लावण्याने हात हलवले नाहीत. तेव्हा जननीने दाखवलेलंच दिलं. वाढणाऱ्याचं हेच असतं. कुठल्या बाजूने येणार हे त्यालाही शेवटपर्यंत ठरवावं लागत नाही. मग एक पोटात. मग वर. प्रत्येक वेळी एकच, आणि प्रत्येक वेळी पुढे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, जोर नव्हता. ताट घेऊन फिरताना असतो तसा चेहरा होता, कामात असलेला, समोरच्याचं भलं चाललं आहे याची खात्री असलेला.

लावण्याही काही बसून राहिली नाही. शेवटच्या मिनिटात तिने हात सोडले आणि चालून आली. ती चालून आली म्हटल्यावर जननीला सुट्टीच मिळाली. अर्धं पाऊल मागे, नाकासमोरून ठोसा गेला, आणि तिचा तो जुना एक. पण तो देऊन ती थांबली नाही. आणखी एक दिला. तो कुणी मागितला नव्हता.

घंटा झाली तेव्हा मी आणि मीनाक्षीबाई एकमेकींचे दंड धरून उभ्या होतो. कुणी आधी धरला ते सांगता येणार नाही. त्यांचा दंड साडेबारा इंच.

रेफ्रीने दोघींची मनगटं धरली. निकाल तीन विरुद्ध दोन. लाल.

मला वाटलं होतं मी रडेन. मी खाली वाकून चप्पल शोधली. मीनाक्षीबाईंनी उरलेले मुरुक्कू पदरात घालावे तसे माझ्या हातात घातले आणि म्हणाल्या, "तिला पुढचें वर्ष आहे हो." मी नको म्हटलं नाही. एकदाही म्हटलं नाही.

दोरांखालून बाहेर येताना लावण्या जननीला मराठीत म्हणाली, "कसें कळलें तुला, माझे हात जातील म्हणून?"

"जातातच," जननी म्हणाली. "आमच्या काकांचे पण जातात." मग म्हणाली, "लागलें कां जास्त?"

"लागलें कीं."

"सॉरी."

"आतां काय सॉरी," लावण्या म्हणाली. टॉवेल खांद्यावर टाकून ती आईकडे गेली, आणि दोघी काय बोलल्या ते मला सगळं ऐकू आलं, कारण त्यांच्यात आणि माझ्यात आता कुलूप राहिलं नव्हतं. पण ते मी इथे लिहिणार नाही.

कृष्णमूर्ति बाहेर चपलांच्या स्टँडजवळ स्कूटरला टेकून उभे होते. ते लढत बघायला आत येत नाहीत. तिला लागलेलं त्यांना बघवत नाही, आणि तिने मारलेलंही बघवत नाही. आम्हांला बघून ते सरळ उभे राहिले आणि आम्ही काही सांगायची वाट बघू लागले. मी जननीने सांगायची वाट बघितली. पत्र तिच्या हातात होतं, पण उन्हात त्यांना ते दिसलं नसावं, किंवा दिसलं असेल आणि विचारणं बरं वाटलं नसेल. एक टाउन बस येऊन गेली.

"अर्ज कुठें आहे?" जननी म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. कृष्णमूर्तींनीही बघितलं. मग त्यांनी स्कूटरची डिक्की उघडून प्लास्टिकच्या पिशवीतून अर्ज काढला. सकाळी निघताना त्यांनी तो फ्रिजवरून काढून घेतला होता हे मला तेव्हा कळलं.

"पेन द्या, अप्पा."

त्यांनी खिशातलं पेन दिलं. तिने अर्ज स्कूटरच्या सीटवर ठेवला, सीट तापली होती म्हणून पत्र खाली घातलं, आणि 'अभ्यासक्रम' या ओळीत शाईने, मोठ्या अक्षरांत, शारीरिक शिक्षण असं लिहिलं. ग्लोव्ह्जमधून नुकत्याच निघालेल्या बोटांनी अक्षर वाकडं आलं. त्या वाकड्या अक्षरांच्या खाली पेन्सिलीतलं बी.कॉम. तसंच दिसत होतं.

"आधीं खोडायचें होतें," कृष्णमूर्ति म्हणाले.

"रबर आणला आहे कां?"

"नाहीं."

"मग?" जननी म्हणाली, पेनाला टोपण घातलं, आणि त्यांच्या खिशात परत लावलं.